अजिंठ्याचे नक्कलकार मेजर गिल

यंदाच्या पावसाळ्यात एके दिवशी इतिहासाचा तास संपल्यावर नववीच्या काही विद्यार्थ्यांनी आमच्याभोवती गराडा घातला. 'डॉक्टर हू' नावाची एक कल्पित-विज्ञानाची विलायती मालिका आहे. तिचा २०१० साली प्रथम दाखविला गेलेला एक भाग त्यांनी कोठेसा पाहिला होता. त्यात काळाच्या प्रवाहात मागेपुढे हिंडणारा एक डॉक्टर १८९० सालच्या फ्रान्समध्ये जाऊन दुःखी डच चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉग याची गाठ घेतो व त्याला आपल्या यानात बसवून आजच्या पॅरिसमधील एका संग्रहालयात आणतो. ज्याच्या चित्रांस हयातीत जवळजवळ कोणी गिऱ्हाईक मिळाले नाही, तो आपल्याच चित्रांपुढे दाटलेली गर्दी पाहतो आणि त्यास रडू आवरत नाही. पुढे तो आपल्या काळात परत जातो. पण त्या वर्षी त्याचा जो अंत व्हावयाचा तो काही टळत नाही. हा शेवट मुलांच्या मनास फार लागला होता. त्यांतील एका मुलीने विचारले की आपल्या मुलुखात असा कोणी चित्रकार होऊन गेला काय, आणि गेला असल्यास त्याला कोठे नेऊन काय दाखवावे. आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. घरी जाताना नाव आठवले, ते मेजर रॉबर्ट गिल यांचे.

हे नाव आपल्या जिल्ह्यात अगदीच अपरिचित आहे असे नाही. कविवर्य ना. धों. महानोर यांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य रचले आणि त्याच्या आधारे नितीन देसाई यांनी २०१२ साली त्याच नावाचा चित्रपट काढला. तेव्हापासून गिल म्हटले की पारो आणि पारो म्हटले की गिल, एवढेच लोकांच्या ध्यानात राहिले आहे. त्या कथेविषयी आमची काही तक्रार नाही. परंतु तिच्या आड एका मनुष्याचे पस्तीस वर्षांचे कष्ट झाकले गेले आहेत, आणि आम्हांस सांगावयाचे आहे ते मुख्यत्वेकरून त्या कष्टांविषयी.

गिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ रोजी लंडन येथे झाला. विशीच्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील लष्करात दाखल झाले व पुढे एका देशी पायदळ पलटणीत कॅप्टन झाले. १८४१ साली त्यांचा विवाह झाला. शिपाईगिरीत त्यांनी काही विशेष पराक्रम गाजविला असे नाही. हातात चित्रकला मात्र चांगली होती, आणि तीच त्यांस अजिंठ्यास घेऊन आली.

अजिंठ्याची लेणी तेव्हा बाहेरच्या जगास ठाऊक होऊन फार दिवस झाले नव्हते. आसपासच्या गावकऱ्यांस आणि गुराख्यांस ती नेहमीच ठाऊक होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. शोध लागला तो इतरांस. १८१९ च्या एप्रिल महिन्यात शिकारीस आलेला मद्रास लष्करातील कॅप्टन जॉन स्मिथ वाघुर नदीच्या त्या नालाकृती दरीत उतरला आणि दहाव्या लेण्यातील एका खांबावरील चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ते नाव आजही दिसते. पण ते मनुष्याच्या डोक्याहून बरेच उंच आहे. कारण त्या काळी लेण्यात कित्येक फूट माती व दगडगोटे साचलेले होते आणि कॅप्टनसाहेब त्यांवर उभे होते. आमच्याच एका सहलीत, मार्गदर्शकाने ही हकीकत सांगून पुरती पाच मिनिटे झाली नाहीत तोच, एका चिरंजिवांनी कंपासपेटीतील कर्काटक बाहेर काढले होते. वेळीच हात धरला म्हणून बरे. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण त्यांचे वडील हा अंक वाचतात.

१८३९ साली जेम्स फर्ग्युसन या विद्वानाने ही लेणी पाहिली. हिंदुस्थानातील लेण्यांविषयीचा आपला निबंध त्याने १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात असा आग्रह धरला. त्याची भीती अनाठायी नव्हती. पावसाळ्यात भिंतींत ओल झिरपत असे, वटवाघळांनी व पाखरांनी आत ठाण मांडलेले होते, आडोशास राहणाऱ्यांच्या चुलींच्या धुराने छते काळवंडली होती, आणि कित्येक सुशिक्षित पाहुणे तर आठवण म्हणून चित्राचा तुकडाच खरवडून नेत. फोटोग्राफीची कला नुकती कोठे जन्मास आली होती. अंधाऱ्या लेण्यात तिचा उपयोग होण्यासारखा नव्हता. तेव्हा नक्कल हाताने करणे हाच मार्ग होता. कंपनीच्या संचालकांनी ही गोष्ट मान्य केली व १८४४ साली कॅप्टन गिल यांची त्या कामी नेमणूक झाली. ते आले तेव्हा चाळिशीचे होते.

अजिंठा गावातील बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले. ही तीच इमारत, जेथे १८०३ सालच्या असईच्या लढाईनंतर जनरल वेलस्ली उतरला होता, असे सांगतात. गाव घाटमाथ्यावर, लेणी घाटाखाली. म्हणजे कामावर जावयाचे तर रोज घाट उतरावा आणि संध्याकाळी पुन्हा चढावा. दरीत झाडी दाट आणि वाघांचा सुळसुळाट. गिलसाहेब स्वतः नाणावलेले शिकारी होते आणि त्यांनी दीडशेवर वाघ मारले असे म्हणतात. (ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांस रुचणार नाही, आणि आम्हांसही ती सांगताना संकोच वाटतो, पण चरित्र म्हणजे आवडत्या गोष्टींचीच यादी नव्हे.)

आता त्यांचे काम काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण नक्कल या शब्दाने विद्यार्थ्यांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. परीक्षेतील नक्कल निराळी आणि ही निराळी. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडकाच्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचे तूस व गवताचे तंतू कालवून केलेला गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला आणि तो वाळल्यावर चिकट पदार्थात घोटलेल्या रंगांनी चित्रे काढली. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी असे बहुतेक रंग साधे. निळा मात्र परदेशाहून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. सर्वांत जुनी चित्रे ख्रिस्तपूर्व काळातील, आणि बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजांच्या वेळची. गिल यांच्यापुढे ही भिंत आली तेव्हा ती शेकडो पावसाळे खाऊन बसलेली होती. कोठे राजकन्येचा चेहरा शाबूत, पण हात गळून पडलेला. कोठे हत्तींचा कळप चालला आहे आणि मध्येच हातभर रुंदीची नुसती माती. उजेड दारातून येईल तेवढाच. सूर्य कलला की समोरचा रंग बदलून जाई. सकाळी जो तांबडा दिसला तो दुपारी तपकिरी. कड्यावर आग्यामाशांची पोळी लोंबत असत, ती आजही लोंबतात. माशी उठली की सर्व टाकून पळावे लागे.

अशा ठिकाणी ते मोठमोठे कापड ताणून त्यावर तैलरंगांत चित्र उतरवीत, आणि तेही शक्य तो मूळच्या आकाराचे. कापड व रंग विलायतेहून जहाजाने यावयाचे, बंदरावरून बैलगाडीने घाट चढावयाचे. काम तयार झाले की ते त्याच वाटेने परत. या कामात सर्वांत अवघड गोष्ट कोणती असेल तर ती आमच्या मते डोळ्यांची किंवा हातांची नव्हे. चित्रकाराच्या मनात स्वतःची एक रेघ असते. ती क्षणोक्षणी पुढे येऊ पाहते. गळून पडलेला हात भरून काढण्याचा मोह होतो; विलायतेत शिकलेल्या हाताला छायाप्रकाश देण्याची सवय असते. ती सवय आवरून, ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही अशा चित्रकाराच्या मागोमाग पाऊल टाकीत जाणे, आणि तेही एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे! गिलसाहेबांस ते सर्वत्र साधले असे जाणते म्हणत नाहीत. त्यांच्या हयात नकलांत विलायती वळण दिसते, आणि तैलरंगाची चकाकी मातीच्या भिंतीला कोठून येणार? पण १८६३ पर्यंत त्यांनी जवळजवळ तीस चित्रे पुरी करून लंडनला रवाना केली.

पारोविषयी मौन पाळले तर वाचक आम्हांस ढोंगी म्हणतील. ती तेथील स्थानिक स्त्री होती. लेणापूरची होती असे लोक सांगतात. चित्रांसाठी फुलापानांचे रंग तीच करून देई, अशीही कथा आहे. पण गिलसाहेब तैलरंग वापरीत, तेव्हा त्या कथेस आम्ही काव्यच समजतो. निश्चित म्हणून जे हाती लागते ते एका दगडावर आहे. २३ मे १८५६ रोजी ती मरण पावली. अजिंठा गावी तिचे थडगे आहे आणि त्यावर इंग्रजीत, ती आपणास प्रिय होती असे लिहून गिल यांनी तिचे नाव कोरविले आहे. गिलसाहेब विवाहित होते, त्यांस मुलेबाळे होती; त्यांच्या या वर्तनाचे समर्थन करणे आम्हांस, आमच्या धर्मबुद्धीप्रमाणे, शक्य नाही. परंतु त्या काळी कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांच्या घरी अशा स्त्रिया राहत, त्यांची नावे कोणी कागदावरही लिहीत नसे, आणि त्या मेल्या म्हणजे जणू नव्हत्याच असे होऊन जाई. येथे एकाने नाव दगडात कोरले, तारखेसह. त्या थडग्यापुढे उभे राहिल्यावर त्याचा न्याय करावयास आमची जीभ उचलत नाही.

त्याच सुमारास गिल यांनी छायाचित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली. अजिंठा, वेरूळ, लोणार येथील लेण्यांची व मंदिरांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली लंडन येथे दोन ग्रंथांत प्रसिद्ध झाली. आपल्या मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडाच्या प्राचीन वास्तूंची इतकी जुनी छायाचित्रे थोडीच असतील. एवढ्या एका कामावरही दुसऱ्या कोणाचे नाव राहिले असते.

लंडनमध्ये त्यांच्या चित्रांस मोठी मानाची जागा मिळाली होती. शहराच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेस म्हणून लोखंड व काच यांचा एक प्रचंड महाल उभारलेला होता. तेथे निरनिराळ्या देशांची स्वतंत्र दालने होती आणि हिंदी दालनात अजिंठ्याच्या या नकला टांगलेल्या होत्या. ज्यांस हिंदुस्थान कधी दिसणार नाही अशा लोकांनी अजिंठा पाहिला तो येथे. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाच्या उत्तर भागास आग लागली. लोखंड आणि काच जळत नाही अशी समजूत. पण आत लाकूड होते, कापड होते, आणि तैलरंग तर तेलच. हिंदी दालन भस्म झाले. जी चित्रे त्या वेळी टांगलेली नव्हती तीच काय ती वाचली. ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीच्यांची छायाचित्रेही कोणी घेऊन ठेवलेली नव्हती. एका इंग्रजी ग्रंथात काही थोड्यांची लहान रेखाटने छापलेली होती, तेवढाच त्यांचा मागमूस. एकोणीस वर्षांचे काम एका दिवसात गेले.

ही वार्ता गिलसाहेबांस कशी कळली, त्या रात्री बारादरीत ते काय करीत होते, हे कवीने सांगावे. आम्हांस जेवढे ठाऊक आहे तेवढे असे की ते तेव्हा बासष्ट वर्षांचे होते आणि त्यांनी सरकारकडे पुन्हा नकला करण्याची परवानगी मागितली. पुन्हा, म्हणजे पहिल्या भिंतीपासून. दृष्टी तीच राहिली नव्हती, पायांना घाट पूर्वीसारखा चढवत नसणार, आणि भिंतीवरचा गिलावाही मधल्या वर्षांत आणखी सुटला होता. तथापि ते अजिंठा सोडून गेले नाहीत.

शाळेत आम्ही पाहतो की वही हरवली तर मुले दोन-दोन दिवस रुसून बसतात, आणि हरवलेली वही पुन्हा लिहून काढा म्हटले तर पालकांच्या चिठ्ठ्या येतात. त्यांना हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्याही आयुष्यात एक हस्तलिखित वाळवीने खाल्ले होते, व ते आम्ही आजतागायत पुन्हा लिहिलेले नाही.

गिल यांच्या हातून जे राहिले ते दुसऱ्यांनी उचलले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे १८८५ पर्यंत आपल्या हिंदी विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या शेकडो नकला केल्या. त्या विद्यार्थ्यांत पुढे प्रसिद्धीस आलेले पेस्तनजी बोमनजी होते. वाचकांस नवल वाटेल, पण लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे ठेवलेल्या त्या नकलांसही १८८५ च्या जून महिन्यात आग लागली व शंभराहून अधिक जळाल्या. जपानी चित्रकारांनी केलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या. म्हणून अजिंठ्यास कोणाचा शाप आहे अशी वदंता उठली. आम्ही शाप मानीत नाही. आग कोठेही लागते, आणि त्या काळी संग्रहालयांत तिच्या बंदोबस्ताची व्यवस्था अपुरी होती, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी एक गोष्ट मात्र दैवाची नव्हे, माणसांची आहे. त्या शतकातील नक्कलकारांनी रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढविले. ते पुढे काळेपिवळे पडले आणि त्याने चित्रांचे फार नुकसान केले. प्रेमाने केलेले कामही अपाय करू शकते, याचे हे उदाहरण अजूनही भिंतीवर आहे. १९१४ साली निजाम सरकारने पुराणवस्तू खाते स्थापले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून गिलावा सांधण्याचे व चित्रे स्वच्छ करण्याचे काम करविले, तेव्हा कोठे पडझड आटोक्यात आली.

गिलसाहेब १० एप्रिल १८७९ रोजी निवर्तले. त्यांस भुसावळ येथे, युरोपियनांच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. पारो घाटमाथ्यावर, ते तापीकाठच्या मुलुखात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. डॉक्टरचे ते यान बारादरीच्या अंगणात उतरले, तर गिलसाहेबांस कोठे न्यावे? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांची वाचलेली चित्रे आहेत. पण व्हान गॉगच्या चित्रांपुढे जशी गर्दी लोटते तशी तेथे त्यांच्यासाठी लोटत नाही, आणि लोटली तरी त्यांचे समाधान होईलसे आम्हांस वाटत नाही. व्हान गॉगने आपल्या मनातले काढले. याने दुसऱ्याचे राखावे म्हणून काढले. तेव्हा त्याला लांब नेण्याचे कारण नाही. घाट उतरून पहिल्या लेण्यात न्यावे. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारसा म्हणून गणली गेली आहेत. आत मंद दिवे आहेत, लोकांना चपला काढून, रांगेने, थोडा-थोडा वेळच आत सोडतात. गाभाऱ्याच्या डाव्या अंगास तो कमळ धरलेला बोधिसत्त्व अजून उभा आहे. तो पाहून गिलसाहेब काय म्हणतील ते आम्ही ठरवू शकत नाही. कदाचित प्रथम ते भिंतीपाशी जाऊन आपण गेल्यापासून कोठला गिलावा पडला तेच न्याहाळतील, आणि पहारेकरी त्यांस हात लावू नका म्हणून ओरडेल.

जानेवारीत नववीची सहल अजिंठ्यास जावयाची आहे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरला आहे. सिल्लोडवरून जाताना अजिंठा गाव वाटेतच लागते. तेथे बस अर्धा तास थांबवून पारोचे थडगे आणि बारादरी पाहावी असे मुख्याध्यापकांशी बोलून ठरविले आहे. पालकांनी मुलांसोबत पाण्याची बाटली व टोपी द्यावी. कर्काटक घरी ठेवावे.